शिवणीचा गाभा

माझं अर्धं आयुष्य वाळूचे गाभे करण्यात गेलं. कोइमतूरजवळच्या पीळमेडूतल्या फाउंड्रीत आम्हा बायकांना तेच काम असायचं. पंपाच्या आत पाणी फिरायला जेवढी पोकळी लागते तेवढ्या आकाराचा वाळूचा गाभा करायचा, तो साच्यात बसवायचा, वरून लोखंड ओतायचं. लोखंड थंड झालं की गाभा ठोकून फोडायचा आणि वाळू झटकून टाकायची. आपण सकाळभर जपून केलेली वस्तू संध्याकाळी कुणीतरी फोडणार, हे सुरुवातीला जड जातं. मग सवय होते. पगाराच्या दिवशी तर अजिबात वाईट वाटत नाही.

आता मी पूंगोडीच्या वर्कशॉपमध्ये कार्बनचं कापड चढवते. रेसच्या गाड्यांचे भाग करतो आम्ही. इथे गाभा फोडत नाहीत. प्लास्टिकचा गाभा प्रिंटरवर छापायचा, त्यावर काळं कापड रेझिनमध्ये भिजवून एकेक थर हाताने बसवायचं, सगळं पिशवीत घालून पंपाने हवा ओढून घ्यायची. रेझिन सुकलं की कापडाचा दगड होतो आणि गाभा आत राहतो तो कायमचा. आत काय आहे ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पूंगोडी माझी मालकीण, पण मला अक्का म्हणते, कारण तिला मी फ्रॉकमध्ये पाहिलंय. मशीनचा डिप्लोमा केला, बंगळुरात नोकरी केली, ती सोडून परत आली आणि वडिलांच्या घराच्या पुढच्या शेडमध्ये हे वर्कशॉप काढलं. लग्न केलं नाही. त्यावर बोलून बोलून गल्ली थकली. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच.

वडील म्हणजे मासिलामणी आसारी. फाउंड्रीत नमुने करायचे. त्यांनी लाकडात पंप कोरायचा, त्यावरून वाळूचा साचा उठायचा, आणि साच्यात लोखंड. म्हणजे कोइमतूरचा पंप आधी आसारींच्या हातातून लाकडाचा होऊन जायचा. आम्ही सगळे त्यांना अप्पाच म्हणायचो. त्यांच्या नमुन्यात चूक निघत नाही, असं ओतकाम करणारे पैजेवर सांगायचे.

शेवटच्या वर्षी निघाली. एका मोठ्या पंपाचं झाकण वाकडं आलं. चूक नमुन्याची की ओतणाऱ्याची, हे कुणी नीट पाहिलंसुद्धा नाही. मालकाचा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "अय्या, आता डोळ्यांना जरा विश्रांती द्या." बोलला तो गोडच, पण असल्या गोडाने तोंड भाजतं. अप्पा घरी आले, हत्यारांना तेल लावलं, जुन्या वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी साधी खुंटी ठोकायलासुद्धा हातोडी घेतली नाही.

रोज मात्र शेडमध्ये यायचे. प्रिंटरसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि तो तोंडातून प्लास्टिकचा दोरा सोडत कसा पुढे-मागे फिरतो ते बघायचे. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं, जावई.

"जावई आज गप्प का?" असं विचारत आत यायचे.

"रीळ संपलंय अप्पा," पूंगोडी म्हणायची.

"मग वाढ की त्याला. हुंडा मागत नाही, सासऱ्याशी भांडत नाही, असा जावई या गल्लीत कुणाला मिळालाय?"

पूंगोडी हसायची, पण मान वर करायची नाही. तिचा बापावर फार जीव. एवढा, की त्यांच्यासमोर खरं बोलायचीसुद्धा तिला भीती वाटायची. त्यांना खोकला झाला तरी 'हवा बदलली' म्हणायची, औषध बदललं तरी सांगायची नाही. मी म्हणायचे, अगं, ते काय काचेचे आहेत का? ती म्हणायची, "अक्का, तुम्ही त्यांना हत्यारं गुंडाळताना पाहिलं नाही. मी पाहिलंय."

तर झालं असं, की इनबराज नावाचा एक गाडीवाला आहे, चेट्टिपाळयमच्या ट्रॅकवर गाडी पळवतो, त्याला मागच्या पंखाचं काम होतं. गाडी जोरात असताना मागून दाबून धरायला पंख लागतो. दोन बाजूंच्या उभ्या पाट्या आम्ही आधीच करून गाडीवर बसवल्या होत्या. त्या दोघींच्या मध्ये हा पंख आडवा बसवायचा, आणि खालून दोन खांबांवर बोल्टने आवळायचा. शर्यत आयुधपूजेनंतरच्या रविवारी होती.

जावयाने गाभा छापला, मी आणि पूंगोडीने कापड चढवलं, पिशवी लावली. घाई होती, लवकर सुकावं म्हणून पूंगोडीने बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवला. तिथेच घात झाला. गाभा होता मक्यापासून करतात त्या प्लास्टिकचा. ते दिसायला टणक, पण उष्णता सोसत नाही. पेटी उघडली तर पंख मधोमध खचलेला, शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. उष्णता सोसणारं प्लास्टिक बंगळुराहून मागवावं लागणार होतं, आणि सणाच्या सुट्ट्यांत ते वेळेवर येणार नव्हतं.

पूंगोडी पेटीसमोर उकिडवी बसली होती. अप्पा खुर्चीवरून उठून आले, खचलेल्या पंखावर हात फिरवला.

"जावयाला ताप आला वाटतं," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही.

"कण्णु," ते लेकीला लाडाने म्हणाले, "आत प्लास्टिकच पाहिजे असं आहे का? लाकूड चालेल?"

पूंगोडीने मान वर केली. लाकूड चालतं, पूर्वी लोक तेच वापरायचे, हे तिलाही माहीत होतं. पण अप्पांच्या तोंडून हा प्रश्न आला, हे मोठं होतं. माझ्या हातातला रेझिनचा ब्रश तसाच राहिला.

"चालेल अप्पा. पण हलकं पाहिजे."

"शिवणीची फळी आहे माझ्याकडे. जुनी, मुरलेली. दोन फाळ्या करून आतून कोरून घेतो आणि परत जोडतो. हातात धरलीस तर वाटणार नाही लाकूड आहे म्हणून."

"कापडाची जाडी वजा करायची. बाहेरून थर चढतात ना."

"ते कळतं गं मला," अप्पा म्हणाले. "दोन वर्षं बसून बघतोय, ते काय फुकट?"

मीच शिडी लावून माळ्यावरून हत्यारं काढली. वेष्टी उघडली तर एकालाही गंज नव्हता. म्हणजे अधूनमधून कुणीतरी तेल लावत होतं, आणि ती पूंगोडी नव्हती, हे तिच्या तोंडावरूनच कळलं.

पुढचे दिवस शेडमध्ये वेगळाच वास होता. रेझिनचा वास डोक्यात जातो, शिवणीचा जात नाही. अप्पा धोतर वर खोचून रंधा मारायचे आणि तोंडाने सारखं काहीतरी चालू. माझ्या डब्यातला अरिसी-परुप्पु, म्हणजे डाळ घातलेला भात त्यांनी मागून खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणून मलाच ऐकवलं. दोन वर्षांत त्यांनी कुणाच्या जेवणाला नावं ठेवली नव्हती. मला बरं वाटलं. पूंगोडी कामाच्या नावाखाली सारखी तिकडेच बघत होती. या पंखात बापाचा जीव अडकलाय हे तिला कळत होतं. पंख बसला तर माणूस परत उभा राहणार, नाहीतर हत्यारं माळ्यावर जाणार ती कायमची.

आयुधपूजेला सगळी हत्यारं पाटावर मांडली. रंधे, पटाशा, अप्पांची पोलादी पट्टी, आमच्या कात्र्या, पंप, आणि प्रिंटरला तर हारच घातला. चंदन-कुंकू लावलं, चुरमुरे आणि हरभऱ्याचं सुंडल वाटलं, दाराशी कोहळा फोडला. गाभा तयार होऊन पाटाशेजारी होता, पण त्याला अप्पांनी कुंकू लावलं नाही.

"त्याला उद्या," ते म्हणाले. "नमुन्याला टिळा तो वाळूत जायच्या दिवशी लावायचा. टिळा लावला की वस्तू आपली राहत नाही. दिली म्हणजे दिली."

दुसऱ्या दिवशी विजयादशमी, कामाला हात घालायचा दिवस. सकाळी आंघोळ करून अप्पांनी गाभ्याच्या मधोमध कुंकवाचा टिळा लावला आणि मरुदमलैला मुरुगाच्या दर्शनाला निघाले. जाताना दारातून म्हणाले, "कापड चढवताना टिळा पुसू नका. आत राहू दे."

ते गेल्यावर पूंगोडी म्हणाली, "अक्का, चढवायच्या आधी एकदा पाट्यांमध्ये धरून बघू." इनबराजने गाडी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. दोघींनी गाभा उचलला. खरंच हलका होता. पाट्यांच्या मध्ये धरला.

बसला नाही. करंगळीच्या नखाएवढा जास्त होता. खांबांची भोकंही सरकलेली. पूंगोडीने पुन्हा मापं घेतली. लांबी, रुंदी, जाडी, सगळंच थोडं थोडं मोठं, आणि सगळीकडे सारख्याच प्रमाणात.

मला लगेच कळलं. फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या कुणालाही कळलं असतं. लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून नमुनेवाल्याची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा केसभर लांब. त्या पट्टीने मापून नमुना केला की तो मुद्दाम मोठा होतो, आणि लोखंड आकसून बरोबर मापावर येतं. अप्पांनी जन्मभर हीच पट्टी धरली. कापडाची जाडी त्यांनी आठवणीने वजा केली, पण पट्टी बदलायचं त्यांच्या मनातच आलं नाही. कार्बन कुठे आकसतंय? पाटावर ती पट्टी चंदन लावून तशीच पडली होती. जित्याची खोड म्हणतात ती ही.

मला हसू आलं. "एवढंच ना," मी म्हटलं. "दुपारी येतील तेव्हा सांगू. लाकूड आहे, जास्त झालंय, कमी नाही झालेलं. रंधा मारतील, भोकं बुजवून नवी पाडतील. स्वतःलाच शिव्या घालतील आणि चहा मागतील."

पूंगोडीने गाभा खाली ठेवला. ती टिळ्याकडे बघत होती.

"सांगायचं नाही, अक्का."

"म्हणजे?"

"दोन वर्षांनी हातात रंधा घेतला त्यांनी. पहिल्याच कामात चूक सांगू? तीही मापाची? त्यांना तो मालकाचा मुलगाच आठवेल."

"अगं, त्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं. तू घरात सांगशील. फरक आहे."

"मला नाही जमणार."

मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगायला ती काही माझी मुलगी नव्हे. तिने कॉलेजात काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. त्यांच्या प्रयोगशाळेत उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं रीळ पडून होतं, हे आधी कुणाला सुचलंच नव्हतं. आसारींनी केलेला आकार इतका सुरेख होता की तिने तोच जसाच्या तसा मोजून घेतला, फक्त खऱ्या मापात उतरवला, आणि जावयाला कामाला लावलं. एवढा लांब गाभा त्याच्या पोटात मावत नाही, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी. दुपारी अप्पा आले तर त्यांना सांगितलं, पोल्लाचीच्या आत्तेचा फोन होता, आठवण काढतेय, जाऊन या. तोवर आम्ही चढवतो.

"मी असतो तर बरं झालं असतं," अप्पा म्हणाले.

"रेझिनच्या वासाने तुमचा खोकला वाढतो."

ते खरं होतं, म्हणून ते गेले. आत्तेसाठी सुंडल बांधून घेऊन गेले. त्यांचा गाभा पूंगोडीने गोणपाटात गुंडाळला आणि रेझिनच्या पिंपांमागे उभा करून ठेवला. मी तुकडे जोडले, घासले, कापड चढवलं. माझे हात नेहमीसारखेच चालले. पंख झाला तो उत्तम झाला, त्याला कुणी नावं ठेवू शकत नाही.

रविवारी ट्रॅकवर अप्पा नवी वेष्टी नेसून आले होते. ऊन रणरणत होतं. इनबराजने त्यांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि "अय्या, तुमचा पंख," असं म्हणून गाडीजवळ नेलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

लाकूड बघायची अप्पांची एक रीत होती. फळी घेतली की बोट वाकवून तिच्या अंगावरून टकटक करत जायचे, आत कुठे चीर आहे का ते ऐकायला. तसंच त्यांनी पंखावर केलं. एका टोकापासून निघाले. टक, टक. एका जागी बोट थांबलं. मागे आले, परत वाजवलं. पुढे गेले, आणखी एका जागी थांबले. त्या जागा मला पाठ होत्या, तुकडे मीच जोडले होते. शिवणीची फळी टोकापासून टोकापर्यंत एकसारखी वाजली असती.

मी पूंगोडीकडे पाहिलं, ती इनबराजशी बोल्टबद्दल बोलत होती.

तेवढ्यात फाउंड्रीतला जुना ओतकामवाला कुप्पुराज तिथे आला. "आसारी, हे तुमचं म्हणतात, खरं का?"

अप्पांनी पंखावर पंजा ठेवला. "माझंच," ते म्हणाले. "आत शिवण आहे. एकसंध."

"तरी म्हटलं. आसारी गप्प बसतील होय?"

"नाही बसत," अप्पा म्हणाले.

पूंगोडीने ते ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. परत येताना गाडीत माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघितलंत? उगाच घाबरवत होतात." अप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी मनाला सांगितलं, कार्बनच्या थरांखालून कुणाला काय ऐकू येतंय, म्हाताऱ्याचं बोट सहज थांबलं असेल. आपल्याला पाहिजे ते मनाला पटवायला माणसाला वेळ लागत नाही.

शर्यतीत इनबराज कितवा आला ते आता आठवतही नाही. पंख टिकला.

त्यानंतर अप्पा शेडमध्ये येत राहिले, पण जरा कमी. खुर्ची प्रिंटरसमोरून हलवून दाराशी टाकली, उजेड चांगला म्हणून. काही दिवस गेले आणि माझ्या ध्यानात आलं, की ते जावई म्हणत नाहीत. 'तुझा प्रिंटर' म्हणतात. मी पूंगोडीला सांगितलं तर म्हणाली, "वय झालं अक्का, थट्टेचा कंटाळा येतो." मला वाटलं, थट्टेचा कंटाळा येणारा हा माणूस नव्हे. पण मीही पुढे बोलले नाही.

थंडीतल्या मार्गळी महिन्यात पूंगोडी कामासाठी चेन्नईला गेली होती. अप्पा दुपारचे आले.

"सोर्णम, तुमची ती साधी पट्टी दे जरा."

"कशाला?"

"घरात फळी मारायचीय."

"तुमच्याकडे आहे की एवढी पोलादी."

"ती लोखंडाचं भलं बघते," ते म्हणाले. "मला खरं सांगणारी पाहिजे."

मी दिली. हसून दिली. दोन दिवसांनी त्यांनी पुसून परत आणून दिली. पिंपांमागे झाडताना मला रंध्याच्या चार कुरळ्या ढलप्या सापडल्या होत्या, त्याही मी आयुधपूजेच्या वेळच्या समजून केरात टाकल्या. डोळे उघडे असले म्हणजे दिसतंच असं नाही.

थै पोंगलचा सण झाला. अप्पांनी माझ्या पोंगलात तूप कमी आहे असं म्हटलं नाही, नुसतं खाल्लं. पुढच्या महिन्यात एका सकाळी पूंगोडी कॉफी घेऊन गेली तर ते उठलेच नाहीत. त्रास झाला नसावा. झाला असला तरी कुणाला सांगणारे ते नव्हते, आणि तो गुण लेकीने पुरेपूर उचलला होता.

सोळाव्या दिवसाच्या विधीआधी पूंगोडी शेडमध्ये आली. डोळे सुजलेले, केस तसेच.

"अक्का, फोटोपुढे त्यांच्या हातचं काहीतरी ठेवू. तो गाभा काढा."

"टिळा लावलेला?"

"हो. तोच. त्यांना तरी कळलं नाही कधी, एवढंच एक बरं झालं."

मी पिंपं सरकवली. गोणपाट तिथेच होता, पण त्याची दोरी वेगळी बांधलेली होती. फाउंड्रीत नमुने बांधून ठेवतात तशी, चार पदरी. पूंगोडीची गाठ नव्हती ती. मी ती सोडली.

लाकूड नव्यासारखं पांढुरकं दिसत होतं. पूंगोडीने हात फिरवला आणि म्हणाली, "हा तो नव्हे."

"तोच आहे," मी म्हटलं.

इनबराजने मोसम संपल्यावर मागची सगळी जुळणी बदलली होती, जुन्या बाजूच्या पाट्या आमच्याच भिंतीला टांगलेल्या होत्या, त्यांच्यातलं अंतर धरून ठेवणारा आडवा दांडा अजून तसाच. पूंगोडीने त्या खाली उतरवल्या. आम्ही दोघींनी गाभा उचलला आणि मध्ये सरकवला. तो अलगद गेला. दोन्हीकडे कापडाच्या थरांपुरती फट राहिली, ना कमी ना जास्त. खांबांची जुनी भोकं शिवणीच्याच बुचांनी बुजवलेली होती, लाकडाच्या शिरा शिरांना जुळवून. बोट फिरवलं तरी लागत नव्हती, उजेडात धरल्यावर दिसली. शेजारी नवी भोकं, बरोबर जागेवर.

पूंगोडी खाली बसली.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

आता लपवून काय करायचं होतं? "ट्रॅकवरच कळलं असावं. वाजवून पाहिलं होतं त्यांनी."

"आणि तरी कुप्पुराजला म्हणाले, माझंच आहे." तिने गाभा मांडीवर घेतला होता. "मग मला का नाही विचारलं? एका शब्दाने विचारायचं, पूंगोडी, माझा का नाही घातलास? मी सांगितलं असतं."

मी तिच्याशेजारी बसले. खोटं बोलून तिला उगी करता आलं असतं. या घरात ते फार झालं होतं.

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी म्हटलं. "तू नाही का सांगितलंस, त्यांना वाईट वाटेल म्हणून. बापलेक एकाच मापाचे."

ती रडली. मी रडू दिलं. बाहेर शेजारच्या फाउंड्रीत गाभे फोडायची वेळ झाली होती, हातोड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ती तोंड पुसून गाभ्याकडे नीट बघायला लागली, वरून, खालून, आडवा धरून.

"टिळा कुठाय?"

"रंध्याखाली गेला."

"परत नाही लावला."

मी गोणपाटाची घडी घालायला लागले. ज्या दिवशी कापड चढवायचं त्या दिवशी लावायचा, हे तिने माझ्याबरोबरच ऐकलं होतं. मार्गळीपासून तो गाभा तयार होऊन पिंपांमागे उभा होता, आणि अप्पा दाराशी खुर्ची टाकून त्या दिवसाची वाट बघत बसत होते.